पहिला पंचनामा कोणाचा?

प्रश्न: केन्याने 2010 साली नवी राज्यघटना आणली, पोलीसप्रमुखाला मंत्र्यांच्या हुकमांपासून संरक्षण दिले, पोलिसांवर नजर ठेवायला स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. तरीही 2024 आणि 2025 मध्ये तिथले पोलीस मोर्च्यांवर गोळ्या झाडताना जगाने पाहिले. कायदे बदलून पोलीस बदलतच नाहीत, असे समजायचे का?

असे समजू नका. कायद्याने केन्यात काही गोष्टी खरोखर बदलल्या, फक्त त्या वरच्या मजल्यावर बदलल्या. माणूस मरतो ठाण्याच्या कोठडीत किंवा रस्त्यावर, आणि तिथे पहिली नोंद आजही पोलीसच लिहितो. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. पुढचे सगळे त्याच एका मुद्द्याभोवती फिरेल, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

मी बोलतो आहे तो कोण, तेही सांगतो. 27 वर्षे महाराष्ट्र पोलिसांत काढली. मध्ये एकदा लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस दलात जाऊन आलो. आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी 2007 पासून मन्रोव्हियात होती आणि तिथल्या पोरीबाळींना तिचे भारी अप्रूप होते. निवृत्तीनंतर सहा वर्षे नैरोबीत ठाणेप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे काम केले. त्यामुळे हे उत्तर अभ्यासकाचे कमी आणि ठाण्यात बसून चहा प्यायलेल्या माणसाचे जास्त आहे. ('चहा' हा शब्द तिकडे जपून वापरावा लागतो. स्वाहिलीत 'चाय' म्हणजे लाचही.)

आधी मागची गोष्ट. 27 डिसेंबर 2007 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला, म्वाई किबाकी पुन्हा अध्यक्ष झाले, रायला ओडिंगांच्या पक्षाने तो निकाल मानला नाही आणि देश पेटला. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने फेब्रुवारी 2008 अखेर समझोता झाला. नंतर न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या आयोगाने मोजदाद केली: 1,133 मृत्यू, त्यांतले 405 गोळी लागून. केन्यात तेव्हा जमावाच्या हातात कोयते होते, धनुष्यबाण होते, दगड होते. बंदुका कोणाकडे होत्या हे सांगायला आयोगाची गरज नव्हती, पण आयोगाने ते कागदावर आणले हे महत्त्वाचे. म्हणजे जी यंत्रणा दंगल आवरायला गेली, तीच मृतांच्या आकड्यातला मोठा वाटा घेऊन परतली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फिलिप अल्स्टन येऊन गेले आणि पोलीस बिनखटल्याचे खून करतात, असे त्यांनी उघड म्हटले. त्यांना माहिती देणाऱ्या संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांना 5 मार्च 2009 रोजी नैरोबीत भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या.

या पार्श्वभूमीवर निवृत्त न्यायाधीश फिलिप रॅन्सली यांच्या कार्यदलाने 200 हून अधिक शिफारशी दिल्या, आणि 27 ऑगस्ट 2010 रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिचे कलम 245 मी प्रशिक्षणात प्रत्येक तुकडीला मोठ्याने वाचायला लावायचो. मंत्री पोलीसप्रमुखाला धोरणाबाबत सूचना देऊ शकतो, पण अमक्या गुन्ह्याचा तपास करा, तमक्या माणसावर कारवाई करा, याला बढती द्या, त्याला निलंबित करा, असे कोणीही सांगू शकत नाही. मंत्र्याने जी काही सूचना द्यायची ती लेखी द्यायची. प्रमुखाचा कार्यकाळ 4 वर्षे, एकदाच. ज्याने आमदाराचा फोन घेऊन 'होय साहेब, बघतो' म्हणत नोकरी काढली आहे, त्याला ही वाक्ये वाचताना काय वाटते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आपल्याकडे पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला 2006 मध्ये आदेश द्यावे लागले आणि राज्यांनी ते जमेल तितके पातळ केले. केन्याने तीच गोष्ट थेट घटनेत घातली.

मग बिघडले कुठे? 'अंमलबजावणीत कमी पडले' असे उत्तर परिषदांमध्ये मिळते. ते मला कधी पटले नाही, कारण त्यात कोण कमी पडले हे सांगावेच लागत नाही.

नेमणुकीपासून बघू. सप्टेंबर 2013 मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेचा हल्ला झाला, 67 जण मेले. 2 डिसेंबर 2014 रोजी मंदेराजवळच्या दगडखाणीत 36 कामगार मारले गेले आणि त्याच दिवशी पहिले महानिरीक्षक (तिकडे पोलीसप्रमुखाचे पद हेच) डेव्हिड किमाइयो पायउतार झाले. लोक भेदरलेले असताना त्याच महिन्यात सुरक्षा कायद्यांत घाईने दुरुस्त्या झाल्या. आधी पोलीस सेवा आयोग अर्ज मागवून, मुलाखती घेऊन नावे पुढे पाठवायचा. दुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे आणि संसदेने मान डोलवायची. घटना तीच राहिली, पण तिच्या दारातली एक वीट काढून घेतली गेली. बाहेरच्यांच्या हे फारसे लक्षात आले नाही. आतल्यांच्या लगेच आले.

पैशाचे तसेच. महानिरीक्षक स्वतंत्र म्हणायचा आणि डिझेलचे बिल मात्र वरच्या मंत्रालयातून मंजूर व्हायचे. सप्टेंबर 2022 मध्ये विल्यम रुटो यांनी सत्तेवर येताच खर्चाचे अधिकार महानिरीक्षकांकडे दिले. चांगले केले. पण एका राष्ट्राध्यक्षाने हुकमाने दिलेले पुढचा हुकमाने काढून घेऊ शकतो, हे खालच्या शिपायालाही कळते.

बदल्यांवरून आयोग आणि महानिरीक्षक यांची भांडणे पहिल्या दिवसापासून चालू आहेत. त्यात शिरत नाही. फक्त एक गंमत सांगतो. 2013 च्या अखेरीपासून आयोगाने अधिकाऱ्यांची चाळणी सुरू केली. एकेकाला समोर बसवून मालमत्ता, बँक खाती, सगळे विचारायचे. त्यात एम-पेसाचे, म्हणजे तिथल्या मोबाइल पैशांचे, तपशील निघाले. वाहतूक शाखेतले शिपाई दर काही दिवसांनी आपल्या वरिष्ठांना छोट्या छोट्या रकमा पाठवत होते. कशासाठी, याची उत्तरे ऐकण्यासारखी होती: उसने घेतले होते, बकरी विकली होती, साहेबांनी शेतीचे सामान आणायला सांगितले होते. हप्ता आपल्याकडेही वर जातो, पण त्याची पावती राहत नाही. तिकडे तंत्रज्ञानाने पावती ठेवली. ही चाळणी पुढे थंडावली, तरी एक गोष्ट शिकवून गेली: पोलिसांबाहेरच्या कोणाच्या तरी वहीत नोंद असली की बोलती बंद होते.

आता मुख्य मुद्दा. केन्यातल्या प्रत्येक ठाण्यात एक जाड वही असते, ऑकरन्स बुक, सगळे तिला 'ओबी' म्हणतात. आपली स्टेशन डायरी तीच. तक्रार दिली की ओबी नंबर मिळतो आणि सामान्य माणूस तो नंबर जपून ठेवतो. इंग्रजांनी 1897 पासून तिकडे भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा असे सगळे आपलेच कायदे लावले होते. दंड संहिता तर 1930 पर्यंत चालू होती. म्हणून मला तिथल्या ठाण्यात कधी परके वाटले नाही. वहीवर हात ठेवून बसलेला ठाणे अंमलदार, भिंतीवर साहेबांचा फोटो, कोपऱ्यात जप्त केलेल्या सायकली. ब्रीदवाक्य तेवढे वेगळे, 'उतुमिशी क्वा वोते', सर्वांची सेवा. आपल्या 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' मध्ये निदान खल कोण हा प्रश्न उरतो. त्यांच्यात तोही नाही.

ठाण्याचे नाव सांगत नाही. एका सोमवारी मी गेलो तेव्हा ओबीतल्या शनिवार रात्रीच्या पानावर एकाच शाईत, एकाच हातात, सलग अकरा नोंदी होत्या. ज्याने आयुष्यभर स्टेशन डायऱ्या तपासल्या त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. खरी वही वेड्यावाकड्या हाताने भरते, ड्यूटी बदलते, पेन बदलते. ते पान रविवारी निवांत बसून लिहिलेले होते. मी ठाणेप्रमुखाकडे बघितले, त्याने माझ्याकडे बघितले, आणि म्हणाला, "अफांदे, तुमच्याकडे असे होत नाही?" अफांदे म्हणजे साहेब. मी चहा मागितला. खरा चहा.

कायदा याबाबत काय म्हणतो? 2011 च्या कायद्याने स्वतंत्र देखरेख प्राधिकरण आले, सगळे त्याला 'इपोआ' म्हणतात. पोलिसांच्या कृतीने कोणी मेला किंवा गंभीर जखमी झाला तर पोलिसांनी इपोआला ताबडतोब कळवायचे, पुरावा जपायचा, आणि तपास इपोआने करायचा. वाचायला उत्तम. पण कळवणार कोण? ज्याच्या बंदुकीतून गोळी सुटली त्याचा साहेब. घटनास्थळ राखणार कोण? त्याच ठाण्याचे शिपाई. मृतदेह शवागारात नेणार कोणाची गाडी? पोलिसांची. इपोआचा तपास अधिकारी पोहोचेपर्यंत रस्ता धुतलेला असतो, काडतुसे वेचलेली असतात आणि ओबीत ओळ तयार असते: 'संशयिताने कोयता उगारला, स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली.' क्वाले भागात ऑगस्ट 2014 मध्ये पोलिसांनी रात्री घरात घुसून 14 वर्षांच्या मुलीला मारले, तेव्हाही कोयत्याचीच गोष्ट सांगितली होती. त्या खटल्यात 2016 मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि इपोआच्या तपासातून झालेली ती पहिली शिक्षा. प्राधिकरण सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी. तक्रारी हजारोंनी येतात. शिक्षेपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांची संख्या अजून शंभरापर्यंतही गेलेली नाही.

आपल्याकडे याला अकस्मात मृत्यू म्हणतात, 'ए.डी. दाखल करा' असे म्हटले की निम्मे काम झाले. पहिल्या पंचनाम्यात जे लिहिले जाते तेच शेवटपर्यंत टिकते. नंतरचा तपास म्हणजे बहुतेक वेळा त्या पंचनाम्याभोवती घातलेले कुंपण. म्हणूनच आपल्या मानवी हक्क आयोगाने 1993 पासून कोठडीतला मृत्यू 24 तासांत कळवायला लावले आणि नंतर दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची झाली. ते किती पाळले जाते हा वेगळा विषय आहे आणि त्यात आपल्याला छाती फुगवण्यासारखे काही नाही. पण निदान पोलीस सोडून दुसऱ्या कोणाला तरी प्रेताजवळ आणायचे, ही कल्पना बरोबर आहे. केन्याने त्यासाठी 2017 मध्ये कायदा केला. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र कोरोनर नेमायचा, पोलिसांपासून वेगळा. मुंबईकरांना कोरोनर आठवत असेल, आपल्याकडे तो 1999 पर्यंत होता. केन्यात कायदा मंजूर झाला आणि वर्षानुवर्षे कपाटात राहिला. ना सेवा उभी राहिली, ना पैसे मिळाले. नैरोबीतल्या सगळ्या सुधारणांमध्ये माझ्या लेखी ही सर्वांत मोठी गाळलेली जागा आहे, आणि तिच्यावर भाषणे सर्वांत कमी होतात, कारण कोरोनरचे उद्घाटन करून फोटो चांगला येत नाही.

हे नुसते मत नाही. केन्यातली जी प्रकरणे खरोखर तडीला गेली ती तपासून बघा.

23 जून 2016. विली किमानी नावाचे वकील मावोको न्यायालयातून बाहेर पडले. सोबत त्यांचा अशील, एक मोटारसायकल-टॅक्सीचालक, आणि त्यांना घेऊन जाणारा गाडीवाला. अशिलाचा गुन्हा एवढाच, की एका पोलिसाने आपल्याला गोळी घातली अशी तक्रार त्याने इपोआकडे केली होती. तिघांना उचलून स्योकिमाऊच्या प्रशासकीय पोलीस चौकीत डांबले. तिथून त्यांच्यापैकी एकाने कागदाच्या चिटोऱ्यावर मदतीची हाक लिहून बाहेर फेकली आणि ती एका वाटसरूला सापडली. तिघांचे मृतदेह पुढे ओल डोनिओ साबुकजवळ नदीत मिळाले. देशभरच्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. 2022 मध्ये तीन पोलीस आणि त्यांचा एक खबऱ्या दोषी ठरले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली. खटला उभा राहिला तो कशावर? खबऱ्याचा जबाब, मोबाइलच्या नोंदी, ती चिठ्ठी. चौकीच्या ओबीत या तिघांची नोंदच नव्हती. म्हणजे वहीबाहेर जे उरले त्याने न्याय दिला.

दुसरे प्रकरण ताजे. 7 जून 2025 रोजी होमा बेमधून एका तरुण शिक्षकाला, अल्बर्ट ओज्वांग याला, पोलिसांनी उचलले. उपमहानिरीक्षकांविरुद्ध समाजमाध्यमावर लिहिल्याचा आरोप. साडेतीनशे किलोमीटर लांब नैरोबीच्या सेंट्रल ठाण्यात आणले आणि रात्रीत तो मेला. पोलिसांचे पहिले निवेदन: त्याने स्वतःच डोके भिंतीवर आपटले. काही दिवसांत शवविच्छेदन झाले, स्वतंत्र डॉक्टर हजर होते. डोक्याला मार, मानेवर दाब, अंगभर जखमा. स्वतःहून झालेले दिसत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात फेरफार झाल्याचे इपोआने संसदीय समितीसमोर मांडले. महानिरीक्षक डग्लस कांजा यांना पहिले निवेदन मागे घ्यावे लागले. ठाणेप्रमुखासह सहा जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. क्रम पुन्हा तोच. पोलिसांच्या ताब्यातला पुरावा पुसला गेला; डॉक्टरांच्या टेबलावरचा राहिला.

25 जून 2024 चेही तसेच. वित्त विधेयकाविरुद्ध तरुण संसदेत घुसले, बाहेर गोळीबार झाला. त्या आंदोलनात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या मोजणीत 60 च्या आसपास माणसे गेली. त्याच दिवशी केन्याचे पहिले सुमारे 200 पोलीस शांतता राखायला हैतीच्या राजधानीत उतरत होते, ही त्या दिवसाची बोचरी गंमत. महानिरीक्षक जाफेट कूमे जुलैत गेले. पण संसदेबाहेर नेमकी कोणी गोळी झाडली? ते पोलिसांच्या चौकशीतून कळले नाही. बीबीसीच्या पत्रकारांनी लोकांनी काढलेल्या 5,000 हून अधिक छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा मेळ घालून गणवेशातल्या माणसांची ओळख पटवली, तीही 2025 मध्ये. जून 2024 नंतर मोर्च्यांत तोंडे झाकलेले, नंबर नसलेल्या गाड्यांतले साध्या वेशातले लोक जास्त दिसू लागले. धडा दोन्ही बाजूंनी घेतला गेला. उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये पोलिसांनी ओळख लपवू नये असा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये बेपत्ता माणसांच्या प्रकरणात न्यायालयासमोर यायचे टाळणाऱ्या प्रभारी महानिरीक्षकाला 6 महिन्यांची शिक्षाही सुनावली. काही दिवसांत ती माणसे जिवंत घरी परतली. न्यायालयांच्या या ताकदीला कमी लेखू नका. 2010 च्या आधी हे घडले नसते.

विशेष पथकांबद्दल थोडे, कारण त्यात मुंबईचा धागा आहे. केन्यात एखादे पथक बदनाम झाले की ते बरखास्त करतात आणि वेगळ्या नावाने उभे करतात. क्वेक्वे पथक गेले, दुसरे आले. जुलै 2022 मध्ये रुटो यांच्या प्रचारासाठी आलेले दोन भारतीय, त्यांतला एक मुंबईत मालिका बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर राहिलेला, आपल्या स्थानिक चालकासह नैरोबीतून नाहीसे झाले. संशय स्पेशल सर्व्हिस युनिटवर आला, ऑक्टोबरमध्ये रुटो यांनी ते बरखास्त केले आणि त्यातल्या अधिकाऱ्यांवर खटले भरले. नायजेरियाने ऑक्टोबर 2020 मध्ये सार्स नावाच्या दरोडाविरोधी पथकाचे हेच केले आणि दोनच दिवसांत स्वॅट नावाचे नवे पथक जाहीर केले. चकमकींच्या काळात नोकरी केलेल्या आम्हा लोकांना ही पथकांची नावे ऐकून काय आठवते, ते इथे नको.

तुमच्या प्रश्नातून निघणारा आणखी एक प्रश्न: लेखी हुकमाशिवाय मंत्री बोलू शकत नाही, मग गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून? जून 2025 मध्ये गृहमंत्री किपचुंबा मुरकोमेन यांनी जाहीरपणे सांगितले, की ठाण्यावर चालून येणाऱ्यांना गोळ्या घाला. जुलैत राष्ट्राध्यक्ष म्हणाले, दुकाने जाळणाऱ्यांच्या पायावर गोळी मारा. यातले काहीही लेखी नव्हते, त्यामुळे कलम 245 खाली ते 'निर्देश' ठरतात का, यावर वकील वाद घालत बसले. शिपायाला वाद घालायची गरज नव्हती. टीव्ही त्यानेही पाहिला होता. आणि तो शिपाई राहतो कसा ते मी पाहिले आहे: पत्र्याच्या गोल खोपटात, मध्ये चादर टांगून दोन कुटुंबे. माजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या कार्यदलाने 2023 मध्ये पगारवाढ सुचवली ती योग्यच होती. अशा माणसाला घटनेचे कलम आणि मंत्र्याचे वाक्य यांत निवड करायला लावली तर तो काय निवडेल, हे मी महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस वसाहतीत बसून सांगू शकलो असतो.

तेव्हा केन्यात सुधारणा होते आहे की नाही हे पाहायचे असेल, तर नव्या महानिरीक्षकाच्या शपथविधीकडे बघू नका. कोरोनरच्या कायद्याला अर्थसंकल्पात किती शिलिंग मिळाले ते बघा. ठाण्यांतल्या कोठड्यांचे कॅमेरे ठाण्याबाहेरच्या सर्व्हरला जोडले गेले का ते बघा. आणि कधी नैरोबीला गेलात, एखाद्या ठाण्यात ओबी बघायची संधी मिळाली, तर मजकूर नंतर वाचा. आधी शाई बघा.